घाईचा थर

त्या कारखान्यात दगड वाढवायचे. हसू आलं ना? पहिल्यांदा ऐकणाऱ्या सगळ्यांनाच येतं. पण धाकटीच्या बाबांनी उभा जन्म ह्याच कामात घातला होता, आणि कुणी हसलं की त्यांचं डोकं फिरायचं. मग ते समोरच्याला बसवून घेत आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगत. तो बिचारा पुन्हा हसायच्या भानगडीत पडत नसे.

काम तसं सांगायला सोपं. जाडजूड पोलादी नळा, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच, जमिनीत खड्डा करून त्यात उभा ठेवलेला. कागदोपत्री नाव ऑटोक्लेव्ह, पण सगळे त्याला भांडंच म्हणत. तळाशी गारगोटीची फोडलेली खडी भरायची. वरच्या अर्ध्या भागात एक फ्रेम सोडायची आणि तिला तारेने स्फटिकाच्या पातळ पट्ट्या टांगायच्या. त्या पट्ट्या म्हणजे बी. मग कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि बाहेरून तापवायचं. तळ जास्त गरम ठेवायचा, वरचा भाग जरा कमी. आत दाब इतका चढतो की पाणी धड पाणी राहत नाही आणि धड वाफही होत नाही. खालची खडी त्यात विरघळते, वर चढते, वर जरा थंडावा मिळाला की बियांवर थर देऊन बसते. चार महिन्यांनी उघडलं की पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या पट्टीचा मुठीत न मावणारा स्वच्छ दगड झालेला असतो. घड्याळात, फोनमध्ये, जिथे म्हणून वेळ अचूक मोजायची तिथे त्याच्या चकत्या जातात.

ह्या सगळ्यात एकच गोम होती. चार महिने आत डोकावता येत नाही. बाहेर तीन आकडे दिसतात: खालचं तापमान, वरचं तापमान आणि दाब. आत बी वाढतंय की विरघळून चाललंय, हे त्या तीन आकड्यांवरून ओळखायचं आणि देवावर हवाला ठेवायचा. ते आकडे सांभाळायचं काम धाकटीचं. थोरली लग्न करून लांब गेली, धाकटी बाबांच्या मागे मागे कारखान्यात आली आणि कंट्रोल रूममध्ये बसली. बाबा भांडी भरत आणि झाकणं लावत, धाकटी ती तापवत असे. घरी जेवताना दोघं भांड्यांबद्दल एवढं बोलत की आई वैतागून म्हणायची, "माझ्याही भांड्यांकडे बघा कुणीतरी, ढीग पडलाय."

कारखान्यात एक रीत होती. कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण तिच्यापुढे नियमांची काय कथा! ज्याने झाकण लावलं, त्यानेच ते उघडायचं. नटावर कोणाचा किती जोर पडलाय, खालची तांब्याची रिंग कशी बसलीय, हे लावणाऱ्याच्या हाताला माहीत असतं, असं जुने लोक सांगत. त्यात तथ्य किती आणि हट्ट किती, देव जाणे. पण आजारी माणूससुद्धा आपलं भांडं उघडायला अंथरुणातून उठून यायचा, आणि त्याला कुणी अडवत नसे.

ही रीत एकदाच मोडली होती. बाबांचा जोडीदार होता, त्याला सगळे बंब काका म्हणायचे, कारण सदान्‌कदा घामाने निथळत असे. त्याने झाकण लावलं आणि पंधरा दिवसांत छातीत कळ येऊन गेला. त्याचं भांडं बाबांनी उघडलं. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. हात धुऊन तसेच पाटावर बसून राहिले आणि म्हणाले, "एक नंबर दगड निघाले गं. एकात डाग नाही. आणि बघायला तो नाही. माझ्यावर मात्र ही वेळ येऊ नये. माझं भांडं दुसऱ्याने उघडलेलं मला चालायचं नाही." धाकटी तेव्हा शाळेत होती. पण बाबांना तसं बसलेलं तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

आता ह्या खेपेची गोष्ट. बाबांनी कोपऱ्यातलं भांडं भरलं, झाकण लावलं, धाकटीने तापवायला घेतलं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं होतं, तीनही आकडे शहाण्यासारखे वागत होते. आणि बाबांचं जेवण तुटलं. आधी पित्त म्हणून झालं, मग कावीळ म्हणून झालं, शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बाबांना तपासणीच्या टेबलावर ठेवून डॉक्टर बाहेर आले आणि आईला आणि धाकटीला खिडकीपाशी घेऊन गेले. पोटात गाठ होती, आणि ती नुसती पोटापुरती राहिली नव्हती.

"किती दिवस?" धाकटीने विचारलं. आकड्यांत बोलायची सवय तिला.

"महिना," डॉक्टर म्हणाले. "फार तर सव्वा महिना धरा."

आईने तिथेच तिचा हात धरला. एवढा घट्ट की बांगडी रुतली. "त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "माझी शपथ आहे तुला. त्यांना कळलं तर ते आजच मरतील." धाकटीला हे पटलं नव्हतं. पण आईचा चेहरा बघून तिच्या तोंडून नाही निघेना. आत जाऊन दोघींनी बाबांना लिव्हरला सूज आल्याचं सांगितलं, विश्रांती घेतली की उतरेल म्हणाल्या, आणि बाबांनी मुकाट्याने शर्टाची बटणं लावली.

घरी आल्यावर बाबांनी आजाराचं नाव काढलं नाही. खाटेवर पडून ते एकच विचारायचे. धाकटी दारात पाय ठेवते न ठेवते तोच आतून हाक यायची, "भांडं काय म्हणतंय?"

"बरं आहे म्हणतंय."

"फरक?"

"आहे तेवढाच आहे बाबा."

फरक म्हणजे खालच्या आणि वरच्या तापमानातला फरक. सगळा खेळ त्याच्यावर. फरक बेताचा ठेवला तर दगड सावकाश वाढतो आणि काचेसारखा निघतो. फरक वाढवला तर भराभर वाढतो, पण थर धड बसत नाही. मध्ये पाण्याचे कण अडकतात, चिरा राहतात, दगडात धुकं साचल्यासारखं दिसतं. बाबांनीच तिला हे शिकवलं होतं. नवीन असताना एकदा तिने फरक थोडा चढू दिला होता, तर बाबा सगळ्यांदेखत कडाडले होते, "दगड आहे तो, दूध नाही उतू जायला! त्याच्या मागे लागायचं नाही!" तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

पण आता तिच्यासमोर साधा हिशेब होता. भांडं उघडायला अजून दोन महिने, आणि बाबांकडे जेमतेम एक. त्या रात्री तिला झोप आली नाही, दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. दुपारी कंट्रोल रूममध्ये ती एकटीच होती. तिने बटणावर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. आणि खालचं तापमान एका अंशाने वाढवलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. आठवडाभरात फरक एवढा झाला की बाबांनी पाहिला असता तर तिला कंट्रोल रूममधून बखोट धरून बाहेर काढलं असतं.

मॅनेजर मॅडमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी धाकटीला आत बोलावलं, दार लावलं आणि पडद्यावरचा चढता आलेख तिच्याकडे वळवला. "हे काय आहे?"

धाकटीने सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी करायला तिच्यात त्राणच उरलं नव्हतं. सांगता सांगता तिला रडू फुटलं, आणि मॅडम टेबलावरची पेन्सिल उगाच इकडून तिकडे ठेवत राहिल्या. बाबांनीच त्यांनाही एके काळी भांडं भरायला शिकवलं होतं.

"रीत मोडता येणार नाही का?" शेवटी त्यांनी विचारलं. "मी स्वतः उघडते. तुझ्या बाबांना घरी नेऊन दगड दाखवू."

"त्यांना विचारा मॅडम तुम्ही. माझी हिंमत नाही."

मॅडमचीही नव्हती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण दगड पूर्ण मापाचे भरले पाहिजेत. अर्धवट वाढलेले काढले तर वरच्यांना काय सांगू? माप भरलं तर निदान उघडायला कारण तरी मिळेल. आतून कसे निघतात ते नंतर बघू, त्याचं मी निस्तरीन." धाकटीने मान हलवली. माप भरेपर्यंत तापवायचं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

बाबांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. चार महिन्यांचं भांडं तीन महिन्यांत का उघडायचं, हे ते विचारल्याशिवाय राहणार होते थोडेच! धाकटीने घरी जाऊन थाप मारली की ह्या वेळच्या ग्राहकाला पातळ दगड हवे आहेत, तेव्हा भांडं लवकर काढायचं ठरलंय.

"पातळ?" बाबा उशीवरून उठूनच बसले. "मग एवढं चांगलं बी कशाला लटकवलं मी? आधी सांगायला काय झालं होतं? अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी!" पाचेक मिनिटं त्यांनी ग्राहकाचा, मॅडमचा आणि एकूण जगाचा उद्धार केला. मग दम लागला म्हणून आडवे झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चला, म्हणजे लवकर उघडायचं. तेवढंच अंथरुणातून बाहेर पडणं होईल. सूज पण उतरेल तोवर." आई स्वयंपाकघरात निघून गेली. धाकटी बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिली, कारण वर बघायची तिला सोय नव्हती.

महिना सरला. तापवणं बंद केलं, आणि खरी परीक्षा पुढेच होती. भांडं निवायला आठवडा द्यावा लागतो. घाईने निववलं तर आतले दगड ताडताड तडकतात, सगळं मुसळ केरात. आणि त्याच आठवड्यात बाबा झपाट्याने उतरले. घोट घोट पाणी चमच्याने द्यावं लागे. डोळे पिवळे, हातांच्या काड्या. धाकटी कामावर जाताना वळून वळून बघायची आणि कामावर असताना फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायची. हीटरवरची आवरणं काढून पंखे लावावेत, दोन दिवस वाचतील, असं शंभरदा तिच्या मनात आलं. तिने ते केलं नाही. धुकं चालेल, पण बाबांच्या हातात तुकडे द्यायचे नाहीत, असं तिने मनाशी ठरवलं होतं. रोज सकाळी बाबा डोळे उघडत आणि तिच्या जिवात जीव येई.

उघडायचा दिवस आला तेव्हा बाबांनी आईकडून दाढी करून घेतली. कामाचे कपडेच घालायचे म्हणून हटून बसले. ते अंगावर असे लोंबत होते की आईने पट्ट्याला सुरीने नवीन भोक पाडलं. "तूही चल की," बाबा तिला म्हणाले. "मी काय करू तिथे? माझी कामं पडलीत," आई म्हणाली आणि दारातून आत वळली. धाकटीला ती सकाळी न्हाणीघरापाशी गाठून म्हणाली होती, "मला ते बघवायचं नाही गं. तू सांभाळ."

चाकाच्या खुर्चीतून त्यांना शेडमध्ये आणलं. क्रेनवाला आणि भांड्यांवर काम करणारे दोघं आधीच येऊन उभे होते. क्रेनवाल्याने गॉगल पुसून बाबांच्या हातात दिला. बाबांनी गॉगल चढवला, रबरी हातमोजे चढवले, खुर्चीतून उठून उभे राहिले. धाकटी पुढे झाली तर तिला हातानेच मागे सारलं. आधी लहान झडप फिरवली. उरलासुरला दाब फुसकन बाहेर आला. मग लांब दांड्याचा पाना नटावर बसवला. दांड्याला जोर त्या दोघांनी लावला, हे सगळ्यांना दिसत होतं. पण बाबांचे दोन्ही हात पान्यावर होते, आणि नट सुटला तेव्हा "आला!" असं तेच ओरडले. केवढा आवाज निघाला त्या एवढ्याशा देहातून! क्रेनवाल्याने झाकण उचललं. धाकटीला वाटलं, जिंकलो. सगळं सार्थकी लागलं. आता फ्रेम वर येईल, बाबा बघतील, आणि त्यांना घरी न्यायचं.

फ्रेम वर आली. कॉस्टिकचं पाणी निथळलं, गरम पाण्याने धुतलं, आणि दगड ओळीने लटकलेले दिसले. जाडजूड, भरलेले, पूर्ण मापाचे.

पातळ! धाकटीने बाबांना पातळ सांगितलं होतं. माप भरायचं, माप भरायचं, हा एकच घोष महिनाभर डोक्यात, आणि घरी मारलेली थाप ती साफ विसरून गेली होती. भांड्याच्या तीन आकड्यांवर डोळ्यात तेल घालून बसलेल्या पोरीला एवढी साधी गोष्ट सुचू नये! पण खरं सांगायचं तर तिला ह्या दिवसापलीकडचं काही दिसतच नव्हतं. बाबा जगतील की नाही, एवढंच ती बघत होती. जगले तर दगड हातात घेऊन बघतीलही, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

बाबा खुर्चीत बसले. फ्रेमकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक काढून दे. आणि तेलाचा ट्रे आण."

"बाबा, दमला आहात. घरी जाऊ, उद्या—"

"तेल आण."

ताज्या दगडाचं अंग खरबरीत असतं, आतलं दिसत नाही. तेलात बुडवून खालून दिवा लावला की पृष्ठभाग जणू नाहीसा होतो आणि आतला सगळा पसारा दिसतो. बाबांनी दगड ट्रेमध्ये ठेवला, दिवा सरकवला आणि वाकले. क्रेनवाला आणि ते दोघं काहीतरी निमित्त काढून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. मॅडम दारापर्यंत आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"इकडे ये," बाबा म्हणाले. धाकटी जवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. त्यांनी हातमोजा काढून करंगळीचं नख दगडावर ठेवलं. "हे बी. इथून इथपर्यंत बघ. कसं आहे?"

"स्वच्छ आहे."

"पाण्यासारखं आहे. आणि इथून पुढे?"

नखाच्या पुढे सगळं दुधाळ होतं. मध्ये बारीक चिरांच्या जाळ्या पसरल्या होत्या, थेट कडेपर्यंत.

"आतला थर दोन महिन्यांचा," बाबा सावकाश म्हणाले. एकेका वाक्याला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "बाहेरचा तेवढाच जाड. पण तो एका महिन्यात चढलाय. पातळ दगड पाहिजे होते तर फरक वाढवायचं कारण काय? नुसतं लवकर उघडायचं, संपलं. तू फरक वाढवलास. मी शिकवलेल्या पोरीने." त्यांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. "ही रेघ आपण मोठ्या हॉस्पिटलात गेलो त्या आठवड्यातली आहे. हो ना?"

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले. आईची शपथ होती. पण डोळ्यांना कुठली शपथ? ते वाहायला लागले होते.

"डॉक्टर कधीपर्यंत म्हणाले?"

"बाबा..."

"आकडा सांग. आकडा सांगायला मी शिकवलंय तुला."

"सव्वा महिना," ती म्हणाली. "फार तर."

बाबांनी बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "म्हणजे तो झाला की गं."

"परवा संपला."

बाबा दिव्याच्या उजेडात दगडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "परवा मी काय करत होतो?"

"झोपला होतात. दुपारी उठून भांड्याचं विचारलंत. मग अर्धा कप चहा घेतलात."

"हां. चहा बरा झाला होता." ते थोडं हसले, आणि मग एकदम त्यांचा चेहरा वाकडा झाला. राग होता तो. धाकटीला तो राग लहानपणापासून ओळखीचा होता, आणि तो बघून तिला भीतीऐवजी बरंच वाटलं. "तुम्ही दोघींनी ठरवलंत होय? माझं मरण, आणि मीच बाहेरचा? लिव्हरला सूज म्हणे! पोरटं समजलात मला?"

"चुकलं बाबा. माहीत असतं तर काय केलं असतंत?"

"काय करणार? काही नाही." त्यांचा आवाज खाली आला. "इथेच आलो असतो. पण माहीत असून आलो असतो. हे शेवटचं झाकण आहे हे ठाऊक असतं तर नीट बघून घेतलं असतं. मी आपला पुढच्या खेपेला कुठली रिंग घालायची त्याचा विचार करत होतो, मूर्खासारखा."

धाकटीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडली. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. बाबांचा तेलकट हात तिच्या केसांवर होता. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांचं लक्ष अजून अर्धं ट्रेकडे होतं. माणूसच तसा.

"दगड खराब केलेस," ते म्हणाले. "सगळी फ्रेम वाया घालवलीस."

"हो."

"परत असं करायचं नाही. कुणासाठीही नाही."

"नाही करणार."

"पण उघडलं मी," ते म्हणाले. "माझ्या हातांनी उघडलं. ते तू मला दिलंस, तेही खोटं नाही." मग त्यांनी दाराकडे मान वळवली आणि मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे सगळे फोडा आणि खडीत टाका. एकही बाहेर जाता कामा नये." मॅडमनी नुसती मान हलवली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. गाडीत बाबा डोळे मिटून होते. धाकटीला वाटलं झोपले, पण गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस." जिना चढताना शेजारच्यांनी खुर्ची धरली. आईने दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू होतं.

"आलात? कसे निघाले दगड?"

"खराब," बाबा म्हणाले.

"अगंबाई! असे कसे?"

"त्या दगडांनीच मला सगळं सांगितलं," बाबा म्हणाले. "परवाच संपलेत माझे दिवस. माहीत आहे मला."

आईने धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता, शपथ मोडल्याचा. मग तो कुठल्या कुठे गेला आणि तिचं हसू गळून पडलं. हातातलं फडकं तिने तोंडावर दाबलं आणि झटकन वळली, न्हाणीघराकडे निघाली.

"थांब," बाबा म्हणाले. ती पाठमोरी थांबली. "गेला महिनाभर तू नळ सोडून आत जाऊन बसतेस. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून कढत पाण्याने शेकतेस. विचारायचं राहून जायचं." त्यांनी खुर्चीचं चाक स्वतःच पुढे ढकललं, कसंबसं, वीतभर. "आता नळ सोडायचा नाही. रडायचं तर इथे, माझ्यासमोर बसून रड."

आई मागे वळली आणि खुर्चीपाशी जमिनीवर बसली. धाकटीने आत जाऊन गॅसवर ठेवलेलं दूध उतरवलं आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर आई मोठ्याने रडत होती, आणि बाबा तिला हळूहळू, दम घेत, झाकण कसं उघडलं ते सांगत होते.